हलकं काम घ्या, पण पगार लिहून घ्या

सावद्याहून केळी भरून निघालेल्या ड्रायव्हरचा अपघात झाला आणि मालक म्हणाला, "भाऊ, बरा होईस्तोवर वजनकाट्यावर पावत्या फाड," तर काम जरूर घ्या. पण आधी काय झेपेल, काय नाही ते डॉक्टरांकडून लिहून घ्या: क्लच दाबणं, केबिनमध्ये चढणं, ताडपत्री ओढणं. मालक कितीही घरचा असो, नवा पगारही कागदावर हवा. पगार घटला तर तात्पुरत्या अपंगत्वाची भरपाई मागता येते: दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, मात्र जुन्या-नव्या पगारातल्या फरकाच्या निम्म्यापर्यंतच. 'भरपाई नको' असं लिहून दिलेलं कायद्यात टिकत नाही. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं.