शेवंतीला कळ्या धरत नाहीत? या चुका टाळा

दिवाळी तोंडावर आली, शेवंती गुडघाभर वाढली, पानं हिरवीगार, आणि कळीचा पत्ता नाही. अशा वेळी पहिली चूक होते ती खताची. मीही पहिल्या वर्षी कुंडीत युरिया टाकला. पानं आणखी फोफावली, एवढंच.

खरी अडचण जिन्यातल्या दिव्याची होती. तो रात्रभर चालू असायचा. दिव्याकडच्या फांद्यांना नुसती पालवी, आणि भिंतीच्या सावलीत गेलेल्या दोन फांद्यांना मुगाएवढ्या कळ्या. एकाच झाडावर!

दिवस लहान झाले की शेवंती फुलते असं आपण म्हणतो. पण ती मोजते रात्र. पुण्यात जूनमध्ये दिवस साधारण 13 तासांचा असतो, डिसेंबरात 11 तासांचा. पावसाळा सरता सरता रात्र दिवसापेक्षा मोठी होऊ लागते. पानांतलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य आणि पेशींमधलं घड्याळ मिळून हा सलग अंधार ओळखतात आणि शेंड्याला फुलण्याचा निरोप धाडतात. मध्यरात्री उजेड पडला की एका लांब रात्रीच्या दोन तोकड्या रात्री होतात आणि निरोप अडतो. पॉलिहाउसमध्ये फुलण्याची वेळ पुढे ढकलायची असली की रात्री मुद्दाम दिवे लावतात, ते यासाठीच.

तेव्हा कुंडी दिवसा ऊन आणि रात्री काळोख मिळेल अशा जागी हलवा. ते जमत नसेल तर दिव्याच्या बाजूला जाड पुठ्ठा उभा करा. झाडावर प्लास्टिक गुंडाळू नका. आत उकाडा साठतो आणि उष्ण रात्रींनीही कळ्या उशिरा धरतात. दुपारी झाकून रात्रीची भरपाई होत नाही. दोन-चार रात्री आडोसा करून सोडून देणंही फुकट. कळ्या रंग दाखवेपर्यंत रोज करावं लागतं.

शेंडे खुडायचे ते ऑगस्टअखेरपर्यंत. ऑक्टोबरात झाड दाट करायला कात्री लावली तर कळ्याच कापल्या जातात.

अंधार नीट मिळू लागला की तीन-चार आठवड्यांत शेंड्यावर बटणासारखी कळी दिसते. फूल उमलायला जातीनुसार एकूण आठ-दहा आठवडे धरा. दिवाळीला फुलं हवी असतील तर जिन्यातल्या दिव्याची सोय गणपतीच्या सुमारासच लावायला हवी.