सायबिणीच्या नोव्हेनाला शाळेत फुलं कशी न्यायची

मुलगी यंदा पाचवीला कॉन्व्हेंटात गेली असेल तर हे वाचा. ८ सप्टेंबर हा मारियेचा, म्हणजे येशूच्या आईचा वाढदिवस (सायबीण म्हणतात ती हीच), त्याच्या आधी ३० ऑगस्टपासून नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे तिची रोजची प्रार्थना असते आणि पोरी रोज फुलं नेतात. हिंदू मुलीपण नेतात, आम्ही सगळ्याच न्यायचो.

फुलं आदल्या दिवशी तोडू नका, जास्वंद तर सकाळीच तोडायची, ती संध्याकाळी मिटते. तेरडा, तगर, अबोली, कर्दळ जे परसात असेल ते चालतं, विकत कशाला आणायचं, त्यात गणपती जवळ आले की बाजारात फुलांचे भाव बघवत नाहीत. पिशवीत कोंबलीत तर एसटीच्या गर्दीत चेंदामेंदा होणार, म्हणून अळूच्या पानात सैल पुडी बांधा आणि रिकाम्या डब्यात ठेवा, पाऊस असला तरी दप्तर भिजत नाही. देठं काढू नका हां, फुलदाणीत ठेवायची असतील तर लागतात.

प्रार्थना येत नसेल तर नुसतं हात जोडून उभं राहायचं. आणि आठ तारखेला चर्चमध्ये नवीन भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद देतात, घरी शेत असेल तर चार लोंब्या द्या तिच्याकडे.