पार्किन्सन्सच्या संशोधनाला देणगी देताना या चुका टाळा

विद्यापीठाला धनादेश गेला, पावती आली, आभाराचे पत्रही आले. आणि पुढे कधीतरी चौकशी केल्यावर कळले की ती रक्कम संस्थेच्या सर्वसाधारण निधीत जमा झाली होती, पार्किन्सन्सच्या संशोधनाशी तिचा संबंधच आला नव्हता. अशा वेळी कोणी कोणाला फसवलेले असतेच असे नाही. देणगी कशासाठी आहे हे देणाऱ्याच्या मनात पक्के असते, पण ते कागदावर उतरलेले नसते, आणि विद्यापीठाचा लेखा विभाग फक्त कागद वाचतो. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

रुग्णसेवा, उपचार आणि संशोधन यांची गल्लत

पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ किंवा मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी यांसारख्या संस्था शुभार्थी (रुग्ण) आणि शुभंकर (त्यांची काळजी घेणारे) यांना माहिती, व्यायाम आणि सोबत देतात. त्यांना देणगी अवश्य द्यावी, मात्र ती रुग्णसेवेला दिलेली देणगी आहे हे ओळखून द्यावी. प्रयोगशाळेतील काम पुढे जावे अशी इच्छा असेल तर पैसे विद्यापीठाकडे किंवा संशोधन संस्थेकडे जायला हवेत.

याहून गंभीर गल्लत उपचार आणि संशोधन यांच्यात होते. 'आमच्या मूलपेशी संशोधनात सहभागी व्हा' असे सांगून कोणी रुग्णाकडूनच लाखो रुपये मागत असेल, तर त्याला देणगी म्हणू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पार्किन्सन्ससाठी मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो आणि त्यासाठी सहभागी रुग्णाकडून शुल्क घेता येत नाही. अशा चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये आहे का, हे घरबसल्या पाहता येते. नोंद नसेल तर विषय तिथेच संपवावा.

'संशोधनासाठी' एवढेच लिहून मोकळे होणे

धनादेशासोबत एक देणगीपत्र असावे आणि त्याच्या प्रतीवर संस्थेची पोच घ्यावी. रक्कम कोणत्या विभागाच्या कोणत्या कामासाठी आहे, ती विद्यावृत्तीवर, रसायनांवर, उपकरणावर की रुग्णांच्या नमुन्यांच्या संकलनावर खर्च व्हावी, किती मुदतीत व्हावी, संस्था प्रशासकीय खर्चापोटी त्यातून किती वाटा कापणार आहे, आणि ते काम बंद पडले किंवा प्रमुख संशोधक दुसरीकडे गेला तर उरलेली रक्कम कुठे वळवावी, एवढे मुद्दे त्यात आले पाहिजेत. शेवटचा मुद्दा जवळजवळ सगळे विसरतात. धनादेश नेहमी संस्थेच्या नावे असावा. विभागप्रमुख कितीही ओळखीचे असले तरी त्यांच्या वैयक्तिक खात्यात एक रुपयाही पाठवू नये. हेच मृत्युपत्रालाही लागू आहे: 'मेंदूविज्ञान विभागास' असे लिहिल्यास अडचण येते, कारण विभागाला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसते. तिथे विद्यापीठाचे पूर्ण अधिकृत नाव लिहून उद्दिष्ट वेगळे नमूद करावे.

कायम निधी की खर्चाची रक्कम, हा निर्णयही भावनेच्या भरात घेतला जातो. आई-वडिलांच्या नावाने कायमस्वरूपी निधी उभारावा, मुद्दल अबाधित राहावे आणि व्याजातून काम चालावे, ही कल्पना आपल्याकडे फार लोकप्रिय आहे, पण तिचा हिशेब क्वचितच मांडला जातो. दहा लाख रुपयांवर साडेसहा टक्के दराने वर्षाला ६५,००० रुपये व्याज मिळते. केंद्र सरकारच्या दरानुसार पीएच.डी. करणाऱ्या कनिष्ठ संशोधकाची विद्यावृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. म्हणजे या व्याजातून दोन महिन्यांची विद्यावृत्तीही भागत नाही. तेच दहा लाख थेट खर्चासाठी दिले तर घरभाडे भत्ता वगळता एका संशोधकाची दोन वर्षांची विद्यावृत्ती निघते. व्याजावर एक संशोधक कायमचा पोसायचा असेल तर साधारण ६८ लाखांचे मुद्दल लागेल, आणि विद्यावृत्तीचे दर वाढत जाणार हे त्यात धरलेले नाही. त्यामुळे मध्यम रकमेच्या देणगीदाराने कायम निधीचा मोह सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नावाच्या पाटीचेही तसेच. उपकरणावर पाटी लावता येते म्हणून उपकरण दिले जाते, आणि ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या पगाराचा आणि देखभाल कराराचा विचार कोणीच करत नाही. त्यापेक्षा भारतीय रुग्णांची शास्त्रशुद्ध नोंद आणि जनुकीय नमुने यांना दिलेला पैसा अधिक कामी येतो. अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपीय मुळाचे) ज्यू आणि उत्तर आफ्रिकेतील अरब व बर्बर रुग्णांमध्ये वारंवार आढळणारा एलआरआरके-२ जनुकातील ठरावीक बदल भारतीय रुग्णांमध्ये क्वचितच सापडतो. तिथले निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, म्हणून इथली माहिती इथेच गोळा करावी लागते.

औषध सापडेल या अटीवर देणे

मधुमेहावरील एक्सेनाटाइड हे औषध पार्किन्सन्सवर चालेल का, याची छोटी चाचणी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये पार्किन्सन्स संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकेतील मायकेल जे. फॉक्स फाउंडेशनच्या पैशातून झाली आणि २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आशादायक ठरले. त्यानंतर सरकारी निधी आणि क्युअर पार्किन्सन्स ही धर्मादाय संस्था यांच्या मदतीने १९४ रुग्णांवर ९६ आठवड्यांची मोठी चाचणी झाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत औषधाचा फायदा दिसला नाही. पैसा वाया गेला का? एका प्रश्नाचे विश्वासार्ह उत्तर मिळाले आणि हजारो रुग्णांना ते औषध आशेवर दिले जाणे टळले. 'तीन वर्षांत औषध' अशी अपेक्षा ठेवून दिलेली देणगी पहिल्या नकारात्मक निष्कर्षासरशी थांबते, आणि मधल्या टप्प्यावरच्या संशोधकाला ते सर्वांत महागात पडते. मूलभूत संशोधनाला तर याहून अधिक संयम लागतो. आयआयटी मुंबईतील प्रा. समीर माजी यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवले की पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या पेशींत साचणाऱ्या अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचे रेणू आधी द्रवरूप थेंबांत एकत्र येतात आणि नंतर त्यातून घट्ट गुठळ्या तयार होतात. यातून उद्या गोळी मिळणार नाही, पण गोळी शोधणाऱ्याला कुठे पाहावे हे कळते.

करसवलतीच्या जुन्या समजुती

वैज्ञानिक संशोधनासाठीच्या देणगीवर दीडपट वजावट मिळते, असे अजूनही सांगितले जाते. ती तरतूद ३१ मार्च २०२० ला संपली. आजही कोणी दीडपट वजावटीचे किंवा रकमेचा काही भाग रोखीने परत देण्याचे आमिष दाखवत असेल, तर त्या संस्थेपासून दूर राहावे. दोन हजारांवरील रोख देणगीला वजावट नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीला ८०-जी (धर्मादाय देणग्या) किंवा ८०-जीजीए (वैज्ञानिक संशोधनासाठीच्या देणग्या) या वजावटीच्या कलमांपैकी कशाचाच लाभ मिळत नाही. प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा घेतो व कलमांचे क्रमांक बदलतात, तेव्हा पावतीवरील क्रमांक सल्लागाराकडून तपासून घ्यावा.

वजावट अडकते ती बहुधा पॅन क्रमांकातील चुकीमुळे. १९६१ च्या कायद्याखालील पद्धतीत बहुतेक संस्था ३१ मेपर्यंत १०-बीडी हे देणग्यांचे विवरण प्राप्तिकर विभागाकडे भरतात आणि मग देणगीदाराला १०-बीई प्रमाणपत्र मिळते. प्रमाणपत्रात नाव, पॅन किंवा रक्कम चुकली असेल तर संस्थेकडे दुरुस्त विवरणाची लेखी मागणी करावी. नुसती साधी पावती पुरत नाही.

परदेशातून देणारे

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आधी पासपोर्ट पाहावा. भारतीय नागरिकत्व असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी अंशदान (परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येणारी रक्कम) ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी मात्र, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्ड असले तरी, विदेशी अंशदान ठरते. नोंदणी आवश्यक असलेल्या संस्थांना ती फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरलेल्या खात्यातच स्वीकारता येते, म्हणून नात्यातल्या कोणाच्या तरी खात्यातून फिरवून पैसे देणे टाळावे. ब्रिटनमधील विद्यापीठाला देणगी देताना गिफ्ट एड या तिथल्या करसवलत योजनेचा अर्ज भरला तर प्रत्येक पौंडामागे संस्थेला २५ पेन्स जास्त मिळतात. त्यासाठी तेवढा कर तिथे भरलेला असला पाहिजे. उलट भारतातील करदात्याने परदेशी विद्यापीठाला पैसे पाठवल्यास इथे ८०-जीची वजावट मिळत नाही.

दिल्यानंतर काही कळत नसेल तर

विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे रक्कम ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा संस्थेचा दाखला, मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. सरकारी अनुदान देणारेही ते मागतात. वर्षातून एकदा, तेही वित्त विभागाकडे, देणगीपत्राची प्रत जोडून मागावे. संशोधकाला दर महिन्याला फोन करून 'काय सापडले' असे विचारू नये. देणगीदाराला हिशेब मागण्याचा हक्क आहे, निष्कर्ष ठरवण्याचा नाही.

पैशांखेरीज मेंदूदानाचाही मार्ग आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेत १९९५ पासून मानवी मेंदूच्या ऊतींचे संग्रहालय आहे. नेहमीची चूक अशी की इच्छा फक्त मृत्युपत्रात लिहिली जाते आणि मृत्युपत्र उघडले जाते अंत्यसंस्कार झाल्यानंतर. मेंदू काही तासांतच जतन करावा लागतो, म्हणून जवळच्या नातेवाइकांची संमती आधी घ्यावी आणि आपल्या गावाहून तो तिथे वेळेत पोहोचू शकेल का, हे संस्थेला आताच विचारून ठेवावे.