कस्टमर काउंटरवर येऊन ओरडायला लागला तर
आपली पहिली चूक काय होते माहितीये का, आपण त्याला मधेच तोडून पॉलिसी सांगायला लागतो आणि मग तो अजूनच भडकतो. आधी पूर्ण बोलू द्या. त्याच्या टोनकडे लक्ष न देता नेमकी अडचण काय तेवढं पकडा, बिल चुकलंय, साईज बदलून हवाय की नुसता रांगेत उभा राहून वैतागलाय, आणि तेच त्याला परत सांगा, "म्हणजे पैसे दोनदा कापले गेलेत, बरोबर ना? बिल द्या, लगेच बघते." आवाज मुद्दाम खाली ठेवा, बऱ्याचदा समोरच्याचाही हळूहळू उतरतो, मी कितीदा तरी बघितलंय. "शांत व्हा" मात्र चुकूनही म्हणू नका, आगीत तेल! आणि जे आपल्या हातात नाही त्याचं प्रॉमिस नको.

पण शिवीगाळ सुरू झाली किंवा कोणी अंगावर आलं तर ते सहन करणं हा तुमच्या कामाचा भाग नाहीये, खरंच नाही. "असं बोललात तर मॅनेजरना बोलावते" एकदाच सांगायचं आणि बोलवायचंच. तो गेला की वेळ आणि काय झालं ते लिहून ठेवा, नंतर तक्रार आली तर कामाला येतं, आणि जमलं तर दोन मिनिटं मागे जाऊन पाणी प्या, नाहीतर सगळा राग पुढच्या बिचाऱ्या कस्टमरवर निघतो.