सकाळी सेल्फ जड फिरतो? अर्थिंग (इंजिनातून बॅटरीच्या मायनसकडे करंट परतायची वाट) तपासा

पेट्रोल गाडी, घोडबंदर रोडला उघड्यावर उभी. पावसाळ्यात सकाळी सेल्फ कण्हत फिरायचा, चौथ्या वेळी इंजिन लागायचं. बॅटरी नवी घातली, स्टार्टरचे ब्रश बदलले, प्लगही. फरक शून्य, खिसा मात्र रिकामा.

शेवटी स्वस्तातला मल्टिमीटर आणला. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून एकदा सेल्फ मारला, म्हणजे लाइनमधलं उरलेलं पेट्रोल संपतं आणि तपासताना इंजिन लागत नाही. मीटर डीसी व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशावर), लाल पिन इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. बायकोने पाच सेकंद सेल्फ मारला: १.४ व्होल्ट! म्हणजे एवढे व्होल्ट परतीच्या वाटेतच वाया; हा आकडा ०.३च्या आत हवा. खात्रीसाठी जंपर केबलने मायनस थेट ब्लॉकला जोडला, फ्यूज परत लावला. पहिल्या सेल्फला चालू.

दोष गिअरबॉक्सवरच्या अर्थच्या पट्टीत होता. आधी बॅटरीचा मायनस सोडला, मग पट्टीचा बोल्ट. लगखाली (पट्टीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवी भुकटी, आणि वाकवली तर तारा आतून कुजलेल्या. बसायची जागा सँडपेपरने चकचकीत केली, नवी पट्टी कसली, वरून पेट्रोलियम जेली, मायनस सगळ्यात शेवटी. आता मीटर ०.१५ दाखवतो.