व्हायोलिनचा साउंडपोस्ट बसवणे आणि सरकवणे

व्हायोलिनच्या उजव्या बाजूच्या एफ-छिद्रातून (वरच्या पाटीवरील इंग्रजी f आकाराच्या छिद्रातून) आत डोकावले की सुमारे ६ मिलिमीटर जाडीची एक उभी गोल काडी दिसते, तोच साउंडपोस्ट. तो स्प्रूसच्या लाकडाचा असतो, त्याला कोठेही सरस लावलेला नसतो आणि वरच्या व मागच्या पाटीच्या मध्ये तो केवळ दाबाने उभा राहतो. घोडीचा (तारा पेलणाऱ्या ब्रिजचा) बारीक तारेकडील पाय या पोस्टच्या अगदी जवळ टेकत असल्यामुळे तो फारसा हलत नाही, तर जाड तारेकडील पाय खालच्या बेसबारसह (वरच्या पाटीला आतून चिकटवलेल्या लांब पट्टीसह) पाटीला मोकळेपणी हलवतो. म्हणूनच पोस्ट अर्धा मिलिमीटर सरकला तरी आवाज बदलतो. मात्र आवाज सुधारण्यासाठी पोस्ट सरकवण्याआधी तो दोन्ही टोकांना नीट बसला आहे की नाही, हे पाहणे आवश्यक आहे. विद्यार्थ्यांच्या हातातील स्वस्त वाद्यांमध्ये बहुधा येथेच खोट असते, कारण त्यांतील पोस्टची टोके अनेकदा सरळ काटकोनात कापलेली असतात आणि पाट्या तर आतून वक्र असतात.

पोस्ट आत उभा करण्याचा एस आकाराचा धातूचा सेटर, दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा, बारीक टॉर्च आणि धारदार पटाशी एवढे साहित्य पुरते. सेटर नाशिकच्या दुकानात मिळाला नाही तर मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवावा. वाकवलेल्या तारेवर काम भागवू नये, कारण ती घसरली की एफ-छिद्राची कड हमखास टवकते.

तारा उतरवण्यापूर्वी टेलपीसखाली (तारांची खालची टोके अडकवलेल्या पट्टीखाली) जाड मऊ कापड ठेवावे, म्हणजे घोडी निघाल्यावर टेलपीसवरील फाइन ट्यूनर (सूर बारकाईने जुळवण्याचे स्क्रू) पाटीवर आपटून ओरखडे पडणार नाहीत. जुना पोस्ट उभा असेल, तर त्याच्या एफ-छिद्राकडील बाजूवर पेन्सिलने खूण करूनच तो काढावा. नवा पोस्ट घेताना त्याचे रेषे सरळ आणि दाट आहेत ना, हे पाहावे आणि तो एफ-छिद्रातून अडखळल्याशिवाय आत जातो, याची खात्री करावी. उभा करताना पोस्टचे रेषे वरच्या पाटीच्या रेषांना आडवे यायला हवेत. दोन्हींचे रेषे एकाच दिशेने आले तर पोस्टच्या टोकाचे कठीण रेषे पाटीच्या मऊ रेषांमध्ये रुततात.

टोके तासण्याचे काम सर्वांत वेळखाऊ आहे. सेटरचे अणकुचीदार टोक पोस्टच्या वरच्या भागात बाजूने रोवावे, पोस्ट उजव्या छिद्रातून आत न्यावा, खालचे टोक मागच्या पाटीवर टेकवावे आणि मग वरचे टोक हळूहळू उभे करावे. आता आरशात पाहावे. टोक आणि पाटी यांच्यामध्ये एका बाजूने प्रकाशाची बारीक फट दिसत असेल, तर टोकाची विरुद्ध बाजू पाटीला आधी टेकते आहे, असे समजावे. पोस्ट बाहेर काढून नेमकी तीच बाजू पटाशीने केसभर तासावी आणि पुन्हा आत नेऊन पाहावे. येथे कंटाळून सँडपेपर हाती घेण्याचा मोह होतो, पण त्याने टोकाच्या कडा गोल होतात आणि पोस्ट केवळ मधल्या बिंदूवर टेकतो. तारा नसताना पोस्ट स्वतःच्या आधाराने उभा राहावा, पण तो ठोकून बसवावा लागू नये. लांब पोस्ट पाटीला वर ढकलतो आणि तेथे पडलेली चीर बुजवणे फार महागात जाते.

पोस्टची जागा घोडीच्या उजव्या पायामागे, म्हणजे टेलपीसच्या बाजूला, साधारण २ ते ३ मिलिमीटर अंतरावर असावी आणि त्याची बाहेरची कड त्या पायाच्या बाहेरच्या कडेच्या रेषेत असावी. सुरुवात येथून करावी. पोस्ट घोडीच्या जवळ आणला तर आवाज सहसा अधिक घट्ट आणि टोकदार होतो, दूर नेला तर मऊ होतो. एफ-छिद्राकडे नेल्यास बारीक तारा उजळतात, आत मध्याकडे नेल्यास जाड तारांना बळ मिळते. हे आडाखे सगळ्या वाद्यांना सारखे लागू पडत नाहीत, त्यामुळे शेवटचा निर्णय कानानेच घ्यावा. सरकवण्याआधी तारा थोड्या सैल कराव्यात, वरचे टोक जितके हलवले तितकेच खालचेही हलवावे आणि दर वेळी तंबोऱ्याच्या जवारीत दोरा सरकवताना असतो तेवढाच हात हलका ठेवावा. तारा पुन्हा सुरात आणून थोडा वेळ वाजवल्याशिवाय पुढचा बदल करू नये.

नाशिकच्या हवेचा विचारही करावा लागतो. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत पाट्यांचा फुगवटा किंचित वाढतो आणि नीट बसलेला पोस्टही सैल होतो; अशा वेळी सगळ्या तारा एकदम उतरवल्या की तो आत पडतो, म्हणून तारा एकेक करूनच बदलाव्यात. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत पाट्या आक्रसतात आणि तोच पोस्ट घट्ट होतो. त्यामुळे भर पावसाळ्यात नवा पोस्ट घट्ट मापाने कापणे धोक्याचे आहे. तो शक्यतो पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापून घ्यावा. वाद्य सा-प-सा-प असे खालच्या सुरात लावणाऱ्यांच्या तारांचा ताण, आणि म्हणून घोडीचा पाटीवरील दाबही, पाश्चात्त्य पद्धतीच्या मानाने कमी असतो, त्यामुळे त्यांनी पावसाळ्यात आरशातून पोस्टवर अधूनमधून नजर टाकावी.