मालकीच्या रानाचा आराखडा कसा करावा

विदर्भात कित्येकांच्या सातबाऱ्यावर वाडवडिलांपासून आलेलं साग-मोहाचं रान आहे. त्यातलं काय तोडायचं हे व्यापारी दारात आल्यावर ठरवू नका. त्याआधी अख्ख्या रानाचा आराखडा हातात हवा.

भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचा नकाशा आणा. मोठी प्रत काढून त्यावर नाले, पांदण, जवळचा मामा (माजी मालगुजारी) तलाव, धुऱ्यापलीकडचं सरकारी जंगल पेन्सिलीनं भरा. रोही (नीलगाय), चितळ कुठून येतात, कुठे पाणी पितात ते गुराख्याला विचारून तेही काढा. शेजाऱ्याचं रान लागून असेल तर त्यालाही सोबत घ्या. जनावरांची वाट एका गटात संपत नाही.

मग रान दोनदा पायी फिरा. भर पावसात माती कुठे खरवडून जाते ते दिसतं, एप्रिल-मेमध्ये ओल कुठे टिकते ते. नाल्याच्या दोन्ही काठांवर निदान वीस-वीस पावलांचा पट्टा कायमचा राखा. तिथल्या अर्जुन, जांभूळ, करंजाला हात लावू नका, त्यांच्या मुळांनीच काठ धरून ठेवलेला असतो.

आता नकाशा रंगवा. राखीव भाग हिरवा, मोह, तेंदू आणि चारोळीच्या झाडांचा भाग पिवळा, तोडीचा साग लाल. लाल भागाचेही तुकडे पाडा आणि काही वर्षांच्या अंतरानं एकेक तोडा. सागाच्या खुंटाला फुटवे येतात, त्यातले एक-दोन जोमदार ठेवून बाकीचे छाटा.

जुना पोकळ मोह मात्र कोणत्याही रंगात असला तरी सोडा. व्यापाऱ्याच्या लेखी ते सरपण. पण राखी धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. उन्हाळ्यात मादी अशाच ढोलीत बसते, तोंड लिंपून घेते आणि चोचीपुरती फट ठेवते. नर त्या फटीतून चारा भरवतो. झाड पडलं की त्या जोडीचं घर गेलं.

मोहफुलं वेचायला पाला पेटवू नका. झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरा. जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून राखलेल्या मोकळ्या पट्ट्या, फेब्रुवारीआधीच साफ करा.

कुऱ्हाड लावण्यापूर्वी सातबाऱ्यावर वनाची नोंद आहे का ते पाहा. साग, मोह, ऐन, बिजा, जांभूळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. ती मालकीच्या जमिनीवर असली तरी तोडीला परवानगी लागते. अर्जासोबत रंगवलेला नकाशा जोडा. पाहणीला येणाऱ्याला त्यावरून नेमकी झाडं दाखवता येतात.